आधी डाग बघा, मग औषध

परवा दळण आणायला गिरणीवर गेले होते. तिथे आमच्या गल्लीतल्या एक काकू भेटल्या. पिठाचा डबा खाली ठेवत म्हणाल्या, "अगं, बरं झालं भेटलीस. माझ्या गच्चीवरच्या निवडुंगाला तपकिरी डाग पडलेत बघ. काय मारू त्याच्यावर?"

गेल्या तीन-चार वर्षांत "काय मारू?" हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की आता त्याची गंमतही वाटते आणि काळजीही. काय झालं असेल, असं कुणीच विचारत नाही. थेट काय मारू!

मी विचारलं, "काकू, डाग कुठे आहे? शेंड्याला की बुडाशी?" काकू गप्प. "बोटाने दाबून बघितलं का? टणक लागतो की मऊ?" काकू परत गप्प. मग हसून म्हणाल्या, "बाई गं, एवढं कोण बघतंय? निवडुंग तर आहे!"

मैत्रिणींनो, आज मला याच "एवढं कोण बघतंय" बद्दल लिहायचंय. कारण या एका वाक्याची किंमत आमच्या घराने चांगलीच मोजलेली आहे.

आमचं मिरजगाव कर्जत तालुक्यातलं, नगर-सोलापूर रस्त्यावरचं. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण तोंडात अजून नगरच येतं.) पाऊस बेताचा. टँकर, चारा छावण्या हे शब्द आमच्या मुलांना पाढ्यांच्या आधी पाठ झालेले. अशा गावात निवडुंगाचं कुणाला काय कौतुक असणार? माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, अजूनही म्हणतात, "काट्याचं झाड दारात नको. घरात भांडणं होतात." मी मनात म्हणते, आत्याबाई, भांडणं काय, ती झाड नसलं तरी होतात!

पण २०२१ च्या पावसाळ्यात या काटेरी झाडाने आमच्या घरात रीतसर प्रवेश केला, आणि तोही वीस गुंठ्यांत. आमच्या ह्यांनी आणि धाकट्या भावजींनी ड्रॅगन फ्रूट लावायचं ठरवलं. ड्रॅगन फ्रूट म्हणजे निवडुंगच, हे लागवड होईपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं. गुजरात सरकारने २०२१ च्या जानेवारीत या फळाला 'कमलम' असं नाव दिलं, ते तेवढं पेपरात वाचलेलं. आमच्याकडे दोनशे दहा सिमेंटचे खांब उभे राहिले, प्रत्येक खांबाला चार रोपं. खर्च मोठा होता. त्यातले चाळीस हजार मी बचत गटातून माझ्या नावावर उचलले. तेव्हा जमीन ह्यांच्या नावावर आणि कर्ज माझ्या, अशी आमची वाटणी!

सकाळ-संध्याकाळ ठिबक चालू करणं, रोप खांबाला बांधणं, तण काढणं हे काम माझं आणि जाऊबाईंचं. त्यामुळे झाडांकडे रोज बघणाऱ्या आम्ही दोघीच.

२०२२ चा मार्च-एप्रिल आठवतोय ना? हवामान खात्याच्या नोंदीप्रमाणे १९०१ पासून देशात इतका तापलेला मार्च झाला नव्हता. त्या मार्चच्या शेवटी मला खोडांवर फिकट पिवळट चट्टे दिसले. आठ-दहा दिवसांत ते पांढुरके झाले, मग तपकिरी. जाऊबाईंना म्हटलं, "अहो, हे बघा, सगळे डाग मावळतीच्या अंगाला आहेत. उगवतीकडे एकही नाही." त्यांनाही ते पटलं. रात्री जेवताना मी हे घरात सांगितलं. भावजी म्हणाले, "वहिनी, तुम्हाला त्यातलं काय कळतंय? रोग आहे तो. उद्या औषध आणतो."

मी वाढायला उठले. बोलले नाही. ही माझी पहिली चूक.

दुसऱ्या दिवशी एका दुकानातून तीन बाटल्या आल्या. दुकानदाराने झाड पाहिलं नव्हतं, फोटोही नाही. "तपकिरी डाग आहेत का? मग हे तिन्ही एकत्र मारा," एवढंच. ह्यांनी अकरा वाजता, भर उन्हात, तोंडाला नुसता रुमाल बांधून फवारणी केली. त्या रात्री ह्यांना मळमळ, डोकेदुखी, दोनदा उलटी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन कितीतरी शेतकरी आणि शेतमजूर दगावले होते. त्या बातम्या माझ्या डोळ्यांपुढे यायला लागल्या. रात्रभर मी उशाशी बसून होते. सकाळी त्यांना बरं वाटलं, पण झाडांना नाही. औषधाचे थेंब जिथे वाळले होते तिथे नवीनच चट्टे उठले.

तेव्हा मात्र मी एक काम केलं. मुलीच्या दप्तरातलं मार्कर पेन घेतलं आणि दहा खांबांवरच्या एकेका डागाभोवती गोल काढला. घरी आल्यावर भिंतीवरच्या कालनिर्णयात, जिथे दुधाचे लिटर लिहिते त्याच चौकोनात, 'गोल काढले' असं लिहिलं. आठ दिवसांनी बघितलं, तर एकही डाग गोलाबाहेर गेला नव्हता. बोटाने दाबला तर कडक, कोरडा, वाळल्या चामड्यासारखा. वास नाही, पाणी नाही.

मग बचत गटातल्या एका मैत्रिणीकडून एका कृषी अधिकारी मॅडमचा नंबर मिळाला. धीर करून फोन लावला. त्यांनी औषधाचं नावही घेतलं नाही. तीनच प्रश्न विचारले. डाग कोणत्या बाजूला आहेत? मऊ की कडक? पसरतात का? माझ्याकडे तिन्हींची उत्तरं तयार होती, तीही तारखेसकट. मॅडम म्हणाल्या, "ताई, निम्मं निदान तुम्हीच करून ठेवलंय की! तो रोग नाही, झाड उन्हाने भाजलंय."

निवडुंग आणि उन्हाने भाजतो? मला खरंच वाटेना. पण मॅडमनी समजावून सांगितलं. ड्रॅगन फ्रूट मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं. वाळवंटातलं नाही, तर जंगलात मोठ्या झाडांवर चढणारं, त्यांच्या सावलीत वाढणारं. काटे बघून आपण त्याला उन्हाचं झाड समजतो आणि माळावर उघडं उभं करतो. दुपारनंतरचं पश्चिमेचं ऊन सगळ्यात वाईट. खोडाची तेवढी बाजू भाजते, आधी पिवळी, मग पांढरी, मग तपकिरी. आपल्या शेजारीच, बारामतीजवळच्या माळेगाव खुर्दला, राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. २००९ साली सुरू झालेली. ऊन, दुष्काळ, खडकाळ जमीन असले ताण पिकांनी कसे सोसावेत यावरच तिथे काम चालतं, आणि ड्रॅगन फ्रूट हे तिथल्या अभ्यासातलं एक पीक आहे. मला या संस्थेचं नाव त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आमच्यापासून इतक्या जवळ!

उपाय काय निघाला? सावली! शेडनेटला पैसे नव्हते. सोलापूरकडचे डाळिंबवाले बागेवर जुन्या साड्या टाकतात हे मी पाहिलेलं होतं. मग जाऊबाईंच्या, माझ्या, आत्याबाईंच्या, अगदी गटातल्या बायकांच्या जुन्या सुती साड्या गोळा केल्या आणि खांबांच्या मावळतीच्या अंगाला बांधल्या. रस्त्याने जाणारे थट्टा करायचे, "काय ताई, खांबांना साड्या नेसवल्या का?" करू देत. नवीन फांद्यांवर डाग आले नाहीत. जुने डाग मात्र गेले नाहीत, आणि ते जात नसतातच. भाजल्याचा वण माणसाच्या हातावर राहतो तसाच.

आता इथे ही गोष्ट संपली असती तर मी स्वतःची पाठ थोपटून घेतली असती. पण पुढचं सांगणं जास्त गरजेचं आहे.

त्याच वर्षी श्रावणाच्या तोंडावर पावसाची झड लागली. खोडांवर पुन्हा बारीक डाग दिसले. जाऊबाई म्हणाल्या, "हे वेगळे वाटतात हो." मी काय म्हणावं? "अहो, उन्हाचेच असतील जुने!" एकदा बरोबर ठरले होते ना, मग काय! मी हात लावून बघितलं नाही, गोल काढला नाही. भावजींनी जे माझ्याशी केलं, तेच मी जाऊबाईंशी केलं. नऊ दिवस गेले. तोवर डाग चौदा खांबांवर पोचले होते. हे डाग चारही बाजूंना होते, आधी फिकट आणि आत दबलेले, मग फुगून लालसर तपकिरी, आणि त्यावर काळे बारीक ठिपके. काही ठिकाणी खोड सडून आतली काडी उघडी पडली होती. हा मात्र खरा बुरशीचा रोग, खोडावरचा कँकर. उबदार, दमट हवेत तो फोफावतो, पावसाच्या शिंतोड्यांबरोबर एका फांदीवरून दुसरीवर जातो आणि आधीच भाजलेल्या, जखमी झाडावर लवकर बसतो.

मग कात्री घेऊन बसलो. रोगट फांदी डागाच्या खाली, चांगल्या हिरव्या भागात कापायची. प्रत्येक कापानंतर कात्री स्पिरिटने पुसायची. कापलेलं बांधावर टाकायचं नाही, पोत्यात भरून शेताबाहेर नेऊन जाळायचं. कापलेल्या तोंडाला बोर्डो पेस्ट लावायची. मॅडमनी सांगितलेलं एकच ताम्रयुक्त बुरशीनाशक, सांगितलेल्या मापात, पाऊस उघडल्यावर, संध्याकाळी. फवारताना हातमोजे, मास्क, अंगभर कपडे. तरी सहा खांबांवरची रोपं उपटून टाकावीच लागली. नऊ दिवसांची किंमत सहा खांब. जाऊबाईंची मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या हो, पुढच्या वेळी दोघी मिळून बघू." तेव्हापासून खरंच दोघी मिळून बघतो.

तर मैत्रिणींनो, तुमच्याकडे वीस गुंठे असोत की खिडकीतली एक कुंडी, तपकिरी डाग म्हणजे एक रोग नव्हे. ताप जसा अनेक कारणांनी येतो, तसा डागही. म्हणून औषधाआधी थोडी चौकशी करायची.

पहिलं, डाग कुठे आहे? एकाच बाजूला, उन्हाच्या अंगाला असेल तर बहुतेक ऊन. अगदी बुडाशी, मातीला लागून असेल आणि हळूहळू वर चढत असेल, तर दोन शक्यता. बोट लावा. कडक, झाडाच्या सालीसारखा, कोरडा लागला तर ते झाडाचं वय आहे. जुना निवडुंग खालून खोडासारखा तपकिरी होत जातो, आपल्या टाचांना भेगा पडतात तसं. त्याला काहीही करायचं नसतं. पण बोट आत गेलं, ओलसर लागलं, आंबूस वास आला, तर ती सड आहे. अशा झाडाला थांबायला वेळ नसतो.

दुसरं, डाग नखाने निघतो का? बारीक तपकिरी खवले नखाने टवकारून निघाले तर तो डागच नव्हे, ती खवले कीड. पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसला तर पिठ्या ढेकूण. दोन्हींना स्पिरिटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा किंवा जुना टूथब्रश पुरतो. दर चार-पाच दिवसांनी, पुन्हा दिसायची बंद होईपर्यंत चिकाटीने करायचं.

तिसरं, डाग गंजासारखा, खरखरीत, कोवळ्या शेंड्याजवळ पसरलेला आहे का? मग झाडाखाली पांढरा कागद धरून हलकेच टिचकी मारा. कागदावर पडलेले ठिपके चालायला लागले, तर तो लाल कोळी. अगदी बारीक जाळीही दिसेल. कोरड्या गरम हवेत तो वाढतो. झाड वेगळं ठेवायचं, सकाळी पाण्याच्या बारीक फवाऱ्याने धुवायचं, आणि संध्याकाळपर्यंत कोरडं होईल असं वाऱ्यात ठेवायचं.

चौथं, डाग पसरतोय का? हे नुसतं बघून कधीच कळत नाही, कारण आपल्याला कालचं आठवत नसतं. पेनाने गोल काढा आणि कॅलेंडरवर तारीख लिहा. गोलाबाहेर गेला नाही तर बहुतेक जुनी जखम, घासलेलं किंवा भाजलेलं. गोलाबाहेर गेला, आत दबला, काळे ठिपके आले, तर बुरशी. पावसाळ्यात आठ दिवस थांबू नका. दोन-तीन दिवसांतच पुन्हा बघा. माझे सहा खांब आठवा!

आणि पाचवा प्रश्न झाडाला नाही, स्वतःला विचारायचा. गेल्या महिन्यात मी काय बदललं? कुंडी सावलीतून एकदम उन्हात ठेवली? नवीन रोप नर्सरीतून आणून थेट गच्चीवर ठेवलं? सुटीत पाणी घालायला शेजारच्या मुलाला सांगितलं आणि त्याने रोज तांब्याभर ओतलं? शंभरात किती, ते मला माहीत नाही, पण माझ्याकडे जेवढ्या जणी कुंडी घेऊन आल्या त्यातल्या बहुतेकींच्या झाडाला जास्तीच्या पाण्याने त्रास झाला होता. आपला हात मायेचा असतो ना! तुळशीला घालतो तसं रोज निवडुंगालाही घालतो, आणि तो आतून सडतो.

डाग पडूच नये म्हणून काय करायचं? कुंडीला खाली भोक हवंच. नुसती काळी माती नको. माती, जाड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे, आणि चांगलं कुजलेलं शेणखत, सारख्या मापात घ्या. पाणी घालण्याआधी मातीत दोन बोटं खुपसून बघा, ओल लागली तर घालू नका. घालायचं ते मातीत, झाडाच्या अंगावर नाही. पावसाळ्यात कुंड्या वळचणीच्या आत घ्या, थेट झड लागू देऊ नका. कुंड्या एकमेकींना खेटून नकोत, वारा खेळता हवा. सावलीतलं झाड उन्हात न्यायचं तर दोन-तीन आठवडे घेऊन, आधी सकाळचं ऊन, मग हळूहळू जास्त. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर जुनी साडी किंवा ओढणी आडवी बांधा. नवीन कुंडी घरात आली की पंधरा दिवस वेगळी ठेवा, म्हणजे तिच्याबरोबर कीड आली असेल तर बाकीच्यांना लागत नाही.

सड लागलीच, तर धारदार सुरी स्पिरिटने पुसून, आतला भाग पूर्ण स्वच्छ हिरवा दिसेपर्यंत कापायचं. तपकिरी ठिपका राहिला तर पुन्हा कापायचं. वरचा चांगला तुकडा आठ-दहा दिवस सावलीत कोरडा ठेवायचा, कापलेल्या जागी खपली धरू द्यायची, मग कोरड्या मातीत टेकवायचा. कुणी हळद लावतात, लावा. पण जखम कोरडी राहणं जास्त महत्त्वाचं.

न बघता ठरवल्याने काय होतं, याची एक जुनी गोष्ट सांगते. आमच्या आजेसासूबाई सांगायच्या, त्यांच्या लहानपणी बांधाबांधावर फड्या निवडुंग माजलेला होता. "मग फड्याला पांढरी बुरशी लागली अन् दोन-तीन वर्षांत बांध मोकळे झाले." ती बुरशी नव्हती, किडा होता, हे मला आता वाचल्यावर कळलं. एका जातीच्या निवडुंगावर राहणाऱ्या किड्यापासून सुंदर लाल रंग मिळतो. ईस्ट इंडिया कंपनीला तो रंग हवा होता. १७९५ साली ब्राझीलहून किडे भारतात आणले गेले, हाच तो रंगाचा किडा असं समजून. निघाला त्याचा भाऊबंद! रंग हलका, पण निवडुंग खाण्यात पटाईत. त्याने एका जातीचा निवडुंग बघता बघता संपवला. मग १९२६ च्या सुमारास असाच दुसरा किडा दक्षिण भारतात मुद्दाम आणला गेला, आणि त्याने माजलेला फड्या आटोक्यात आणला. पहिल्यांदा ओळखण्यात चूक, दुसऱ्यांदा ओळखून काम. किडे जवळपास सारखेच, फरक बघण्याचा.

आता माझं खरं म्हणणं. गेल्या वर्षी गावात शेतीविषयी एक कार्यक्रम झाला. खुर्च्यांवर सगळे पुरुष. आम्ही बायका मागे, चहाच्या किटलीपाशी. तज्ज्ञ विचारत होते, "डाग पहिल्यांदा कधी दिसला?" आणि खुर्च्यांवरची माणसं एकमेकांकडे बघत होती. कारण डाग त्यांनी बघितलाच नव्हता! तो बघितला होता निंदणाऱ्या, पाणी धरणाऱ्या, बांधणाऱ्या बायकांनी. ज्यांनी बघितलं त्यांना कुणी विचारत नाही, आणि ज्यांना विचारतात त्यांनी बघितलेलं नसतं. मधल्या मध्ये दुकानदाराच्या तीन बाटल्या खपतात.

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे वर्ष आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष म्हणून जाहीर केलंय. छान आहे. भाषणं होतील, शाली-नारळ होतील. माझी मागणी त्याहून लहान आहे. गावात शेतीशाळा असेल तर पुढच्या खुर्चीवर बसा. कृषी सहायकाचा नंबर नवऱ्याच्या फोनमध्ये असतो, तो आपल्याही फोनमध्ये घ्या. औषध घरात आलं की बाटली हातात घेऊन वाचा. कोणत्या पिकासाठी आहे ते त्यावर लिहिलेलं असतं, आणि विषारीपणा दाखवणारा रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. पक्कं बिल मागा. आणि रात्री जेवताना "तुला काय कळतंय" असं कुणी म्हटलं, तर माझ्यासारखं वाढायला उठू नका. कॅलेंडर काढून तारीख दाखवा. वाद घालावा लागत नाही. आमच्या भावजींनी पुढच्या उन्हाळ्यात स्वतःहून विचारलं, "वहिनी, या वर्षी साड्या कधी बांधायच्या?" यापेक्षा मोठी कबुली आमच्या घरात तरी मिळत नसते!

बचत गटाचं कर्ज फिटलं. दोनशे चार खांब उभे आहेत. जुन्या खोडांवर भाजल्याचे वण आहेत, त्यांच्यावरून फुटलेल्या फांद्यांना फळं लागतात. फूल एका रात्रीपुरतं उमलतं, तेव्हा मी आणि जाऊबाई बॅटरी घेऊन बघायला जातो.

आणि हो, गिरणीवरच्या काकू काल संध्याकाळी दारात आल्या होत्या. म्हणाल्या, "बघितलं गं. बुडाशी आहे, दगडासारखा टणक आहे, वास नाही. पेनाने गोलसुद्धा काढलाय. सात वर्षांची कुंडी आहे ती."

"मग काकू, वय झालंय त्याचं. दुसरं काही नाही."

"हात्तिच्या! माझ्या गुडघ्यासारखंच की," काकू हसल्या. "मग काय मारू त्याच्यावर?"

"काही नाही. पाणी तेवढं कमी करा."